अमेरिका आणि आंतरराष्ट्रीय मानवी हक्क कायदा

मानवी हक्कांचे करार घडवताना पुढे राहायचे, पण स्वतःच्या न्यायालयांत त्यांचा अंमल होऊ द्यायचा नाही, असे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचे धोरण दुसऱ्या महायुद्धापासून बहुतांशी राहिले आहे. १० डिसेंबर १९४८ रोजी पॅरिसमध्ये संमत झालेल्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याचा मसुदा करणाऱ्या आयोगाच्या अध्यक्षा एलिनॉर रूझवेल्ट होत्या. तो जाहीरनामा कायद्याने बंधनकारक नव्हता, त्यामुळे निभावून गेले.

करारांचे तसे नव्हते. अमेरिकी राज्यघटनेनुसार करार हा देशाचा सर्वोच्च कायदा ठरतो आणि त्याला सिनेटमध्ये दोन-तृतीयांश मतांची संमती लागते. त्या काळी दक्षिणेकडील राज्यांत वर्णभेद कायद्यानेच चालत होता. तो अशा करारांमुळे मोडेल, ही धास्ती विरोधाच्या मुळाशी होती. राज्यांचे अधिकार हे तिचे सभ्य नाव. ओहायोचे सिनेटर जॉन ब्रिकर यांनी करारांचे बळ काढून घेणारी घटनादुरुस्ती सुचवली. १९५४ मध्ये तिचा सौम्य मसुदा एका मताने पडला. पण मानवी हक्कांच्या करारांत आपण सामील होणार नाही, अशी ग्वाही आयझेनहॉवर सरकारने १९५३ मध्येच देऊन टाकली होती. ब्रिकर हरूनही जिंकले ते असे.

वंशसंहारविरोधी करार सिनेटपुढे आला १९४९ मध्ये, पक्का झाला १९८८ मध्ये. सिनेटर विल्यम प्रॉक्समायर यांनी १९६७ पासून त्यासाठी सभागृहात तीन हजारांहून अधिक भाषणे केली. नागरी व राजकीय हक्कांचा करार १९९२ मध्ये स्वीकारला, तोही हात राखून: अल्पवयीन गुन्हेगारांना फाशी देण्याची मुभा ठेवली आणि करारातील मुख्य हक्कांच्या आधारे थेट न्यायालयात जाता येणार नाही, असेही जोडले. ती फाशी २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंद केली, पण देशाच्याच राज्यघटनेच्या आधारे. बालहक्क करारावर १९९५ मध्ये सही झाली, मान्यता मात्र नाही. संयुक्त राष्ट्रांच्या सदस्यांत असा दुसरा देश उरलेला नाही.

नेदरलँड्समधील हेग येथे असलेल्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाबाबत हा दुटप्पीपणा उघड दिसतो. त्याच्या स्थापनेच्या करारावर २००० मध्ये केलेली सही २००२ मध्ये निष्प्रभ ठरवली गेली. त्याच वर्षीच्या एका कायद्याने, न्यायालयाने पकडलेल्या अमेरिकी सैनिकांना सोडवण्यासाठी लागेल तो मार्ग वापरण्याची परवानगी राष्ट्राध्यक्षांना दिली. टीकाकार त्याला ‘हेगवरील स्वारीचा कायदा’ म्हणतात. २०२३ मध्ये पुतिन यांच्याविरुद्धचे अटक वॉरंट बायडेन यांनी योग्य ठरवले. २०२५ मध्ये ट्रम्प सरकारने याच न्यायालयाच्या न्यायाधीशांवर निर्बंध लादले.