चुंबकत्वाचे प्रकार आणि सोलापूरची काळी वाळू

चुंबकीय बल गतिमान विद्युतभारांमुळे उद्भवते. वीज वाहणाऱ्या तारेजवळ होकायंत्राची सुई वळते, हे डॅनिश शास्त्रज्ञ अर्स्टेड यांनी १८२० मध्ये दाखवले. उलट, चुंबकीय क्षेत्रातल्या तारेतून वीज सोडली की तार प्रवाह आणि क्षेत्र या दोहोंच्या काटकोनात ढकलली जाते. सोलापुरात चादरी-टॉवेल विणणाऱ्या यंत्रमागाची मोटर याच बलावर फिरते. त्या मोटरच्या गाभ्याचे पोलाद लोहचुंबकाला चिकटते, वेटोळ्यातले तांबे मात्र चिकटत नाही.

तांबे, पाणी, बिस्मथ हे पदार्थ क्षेत्रापासून अगदी किंचित दूर लोटले जातात, हे प्रतिचुंबकत्व. ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजन किंचित ओढले जातात, हे समचुंबकत्व. लोखंड, निकेल, कोबाल्ट यांच्यात शेजारशेजारच्या अणूंचे चुंबकत्व आपोआप एका दिशेने लागते, म्हणून ओढ जोरदार. हे लोहचुंबकत्व.

सोलापूर परिसरात याहून वेगळा प्रकार पायाखाली सापडतो. जोरदार पावसानंतर ओढ्याच्या कडेला काळ्या चमकदार वाळूची रेघ उरते. लोहचुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून (नाहीतर कण सुटता सुटत नाहीत) तिच्यातून फिरवावा. कण एकमेकांना धरून ब्रशच्या केसांसारखे उभे राहतात. याला सर्रास ‘लोखंडाचा कीस’ म्हणतात, पण ते लोखंड नव्हे. काळा दगड, म्हणजे बेसॉल्ट, झिजून सुटलेले हे मुख्यतः मॅग्नेटाइट, लोहाचे ऑक्साइड. त्याच्या स्फटिकात लोहाचे अणू दोन प्रकारच्या जागी बसतात आणि दोन्ही गटांचे चुंबकत्व परस्परविरुद्ध असते. दोन्ही बाजू समान असत्या तर बेरीज शून्य झाली असती. थंड केलेल्या मँगनीज ऑक्साइडमध्ये तसेच होते, ते प्रतिलोहचुंबकत्व. मॅग्नेटाइटमध्ये एक बाजू भारी पडते आणि उरलेल्या फरकामुळे कण ओढले जातात. या फेरिचुंबकत्वाचा उलगडा फ्रेंच शास्त्रज्ञ नेएल यांनी १९४८ मध्ये केला. त्यांना १९७० चे नोबेल मिळाले.

तापवल्यावर लोखंड सुमारे ७७० अंश सेल्सियसला, तर मॅग्नेटाइट ५८० अंशांना अणूंच्या चुंबकत्वाची ही शिस्त गमावते. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा निवत या तापमानाखाली आला, तेव्हा त्यातल्या कणांनी त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा धरून ठेवली. दख्खनच्या अनेक थरांत ती आजच्या उलट आढळते, आणि तिच्या जमिनीशी असलेल्या कलावरून भारत तेव्हा विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता हे कळते. हे वाचण्यासाठी दगड जागेवरून हलवण्याआधी त्यावर उत्तर दिशा खुणावी लागते. विहिरीतून काढून बांधावर रचलेल्या दगडात चुंबकत्व टिकून असते, पण ते मूळचे कोणत्या दिशेचे, हे मग सांगता येत नाही.