हौशी संगीत नाट्यमंडळी

उपजीविकेसाठी नव्हे, तर आवडीपोटी मराठी संगीत नाटकांचे प्रयोग करणारी संस्था. सभासद नोकरी-व्यवसाय सांभाळून तालमी करतात. खर्च वर्गणी, देणग्या आणि तिकीटविक्रीतून भागवतात.

प्रारंभ : संगीत नाटकाच्या परंपरेचा आरंभ कुठून धरावा याबाबत एकमत नाही. सोकर बापूजी त्रिलोकेकरांचे ‘नलदमयंती’ (1879) हे पहिले संगीत नाटक मानणारा एक पक्ष आहे. बहुतेक अभ्यासक मात्र अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतल’पासून, म्हणजे 31 ऑक्टोबर 1880 रोजी पुण्यात झालेल्या पहिल्या चार अंकांच्या प्रयोगापासून गणना करतात, आणि तेच अधिक सयुक्तिक वाटते. किर्लोस्कर त्या वेळी सरकारी नोकरीत होते, म्हणून तो प्रयोगच हौशी ठरवण्याचा मोह होतो. पण किर्लोस्करांची मंडळी लवकरच व्यावसायिक झाली. हौशी आणि धंदेवाईक ही फारकत व्यावसायिक नाटक कंपन्यांचा जम बसल्यानंतरची आहे. ती 1880 च्या घटनेवर लादून फारसे काही हाती लागत नाही. सलग संस्थात्मक वारसा सांगता येणाऱ्यांत पुण्याचे भरत नाट्य संशोधन मंदिर बरेच जुने असून, त्याचे मूळ 1894 च्या सुमारास निघालेल्या विद्यार्थ्यांच्या सोशल क्लबपर्यंत जाते.

1932 पासून मराठी बोलपट आले आणि त्या दशकात कंपन्यांना उतरती कळा लागली. जुनी पदे रंगमंचावर टिकवण्याचे काम त्यानंतर बऱ्याच अंशी हौशी संस्थांकडे आले. नवनिर्मितीही झाली. धी गोवा हिंदू असोसिएशन ही मुळात सामाजिक कार्यासाठी स्थापन झालेली संस्था, पण तिच्या कला विभागाने 1964 मध्ये ‘मत्स्यगंधा’ रंगमंचावर आणले. त्याचे संगीत जितेंद्र अभिषेकींचे होते.

साथसंगत : गाणारे नट मिळतात, ऑर्गनवादक मिळत नाही, ही बहुतेक मंडळींची जुनी तक्रार. पायाने भाता चालवायचा असल्याने ऑर्गनवर दोन्ही हात मोकळे राहतात आणि गायकाला पेटीपेक्षा भरघोस साथ मिळते. खरी अडचण स्वराची. स्त्रीभूमिका पुरुष करीत तेव्हा नायक-नायिकेच्या पट्टीत, म्हणजे गाण्याच्या आधारस्वरात, फार अंतर नसे. आता नायक पेटीच्या काळी एक किंवा दोन या स्वरातून गातो आणि नायिका त्याहून बऱ्याच उंच काळी चार किंवा पाचमध्ये. ऑर्गनवादकाला पदागणिक पट्टी बदलावी लागते, तबलजीला जुळवलेले दोन-तीन तबले हाताशी ठेवावे लागतात. युगुलगीतात कुणीतरी एक अवघडतोच. अनेकदा नायिका आपल्या नेहमीच्या पट्टीखाली उतरते आणि मंद्रातल्या (खालच्या सप्तकातल्या) जागा ऐकूच येत नाहीत. तालीममास्तर मग त्या जागा गाळतात किंवा ऑर्गनवर सोपवतात.

काटछाट इथेच थांबत नाही. मूळ ‘शाकुंतला’त दोनशेहून अधिक पदे आहेत. आजच्या प्रयोगात त्यांतली मोजकीच येतात. आधी कात्री लागते ती साक्या-दिंड्यांना, म्हणजे साध्या चालीच्या वृत्तबद्ध पदांना, वास्तविक कथानक पुढे सरकते ते बहुधा त्यांच्यातूनच.

संस्थाजीवन : तालीम कचेऱ्या सुटल्यावर, शाळेच्या वर्गात किंवा देवळाच्या सभामंडपात. कपडेपट आणि पडदे सहसा भाड्याचे. कालचा सूत्रधार पुढच्या नाटकात प्रॉम्प्टर म्हणून विंगेत उभा राहतो. मुख्य भूमिका कोणाला यावरून रुसवेफुगवे ठरलेले, त्यातून मंडळ फुटून दुसरे निघणेही नवे नाही. गोव्यात गावकरीच देवस्थानच्या उत्सवात नाटक करतात आणि भूमिका कधी कधी एकाच घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत येते. महाराष्ट्रात राज्य शासनाची संगीत नाट्य स्पर्धा, तर गोव्यात कला अकादमीची स्पर्धा हे वर्षाचे मोठे निमित्त असते. रत्नागिरीच्या खल्वायनसारख्या संस्थांनी या निमित्ताने नवी संगीत नाटकेही केली आहेत.

नाटकाच्या निवडीत लेखनहक्काचाही (कॉपीराइटचाही) वाटा असतो. भारतात तो लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो. किर्लोस्कर, देवल, गडकरी केव्हाच मुक्त झाले. 1948 मध्ये निधन पावलेल्या खाडिलकरांची ‘मानापमान’, ‘स्वयंवर’ ही नाटके 2009 पासून परवानगीविना करता येतात. ज्यांच्या मृत्यूला साठ वर्षे उलटलेली नाहीत अशा लेखकांसाठी मात्र वारसांची परवानगी आणि मानधन लागते.