नाणे बदलले आणि यंत्र मुके झाले

वडोदऱ्यात, दांडिया बाजारात राहणाऱ्या माझ्या एका परिचितांकडे रेल्वे फलाटावर असायचे तसले वजनाचे जुने यंत्र आहे. त्याच्या फटीत आजचा रुपया टाकला तर तो आत कुठेतरी अडकतो आणि शेजारची कळ दाबल्यावर खडखडत खालच्या वाटीत परत येतो. यंत्र बिघडलेले नाही. उलट ते खऱ्याखोट्या नाण्याची पारख करण्याचे आपले काम चोख करते आहे.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात अलेक्झांड्रियाच्या हेरॉन या ग्रीक यंत्रकाराने वर्णिलेल्या तीर्थपात्रात नाणे तरफेवर पडे, त्याच्या भाराने झडप उघडे आणि नाणे घसरून जाईपर्यंत पाणी वाहत राही. त्या पात्राला खऱ्याखोट्याची पारख नव्हती. १८८३ च्या सुमारास पर्सिव्हल एव्हरिट यांनी लंडनमध्ये पोस्टकार्डे विकणारे यंत्र आणल्यावर नाण्यावर चालणाऱ्या यंत्रांचा धंदा फोफावला, तशी ही पारख अत्यावश्यक झाली, कारण शिशाची चकती टाकून माल पळवणारे निघालेच.

ही पारख विजेवाचून कशी होते, हे पाहण्यासारखे आहे. फटीची लांबी-रुंदी मोठे किंवा जाड नाणे अडवते आणि आतला छोटा तराजू हलक्या नाण्याला पुढे जाऊ देत नाही. त्यानंतर नाणे उतारावरून घरंगळत चुंबकाजवळून जाते. लोखंडी चकती तिथेच चिकटते; तांब्याला चुंबक ओढत नाही, पण चुंबकाजवळून हलत्या तांब्यात भोवरी (भोवऱ्यासारखे गोल फिरणारे) विद्युतप्रवाह निर्माण होतात आणि ते त्याचा वेग रोखतात, त्यामुळे तांब्याची चकती योग्य खाचेपर्यंत पोहोचण्याआधीच खाली पडते.

आपला रुपया १९७५ मध्ये तांबे-निकेलचा आणि ८ ग्रॅमचा होता, १९८३ पासून ६ ग्रॅमचा झाला आणि १९९२ मध्ये ४.८५ ग्रॅमच्या, चुंबकाला चिकटणाऱ्या पोलादाचा आला. जुन्या यंत्राच्या लेखी हा नवा रुपया म्हणजे लोखंडाची चकतीच. नाणे बदलले की यंत्रातील पारखयंत्रणा बदलणे किंवा यंत्र भंगारात काढणे, एवढेच पर्याय मालकापुढे उरतात. शिवाय अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धाच्या काळात भंगार धातूच्या मोहिमा झाल्या, त्यांत ओतीव लोखंडाची कितीतरी जुनी यंत्रे वितळली. म्हणूनच मूळ पारखयंत्रणा आणि मूळ कुलूप शाबूत असलेला नमुना संग्राहकांना दुर्मीळ वाटतो. नव्याने रंगवलेली पेटी मात्र, माझ्या मते, बिघडवलेली पेटी असते.

आमच्या परिचितांनी १९८३ ते १९९१ मधले अकरा रुपये एका डबीत जपून ठेवले आहेत. पाहुणे आले की ते एकेक करून यंत्रात पडतात आणि रात्री पेटी उघडून पुन्हा डबीत जातात.