हंगेरीतील अमेरिकन दूरसंचार गुंतवणूक

साम्यवादी राजवटीच्या अखेरीपासून पुढची दहा-अकरा वर्षे अमेरिकन कंपन्यांनी हंगेरीच्या फोनव्यवस्थेत घातलेले भांडवल. यूएस वेस्ट आणि अमेरिटेक ही यातली दोन मोठी नावे.

१९८९ साली हंगेरीत शंभर माणसांमागे दहासुद्धा लाइन नव्हत्या. अर्ज केल्यावर दहा-बारा वर्षांनी फोन लागला तरी त्यात कुणाला नवल वाटत नसे. 'अर्धा देश फोनची वाट पाहतो आणि उरलेला अर्धा डायल टोनची', असे लोक म्हणत. जुन्या राजवटीने पैसा ओतला तो अवजड उद्योगांत. घरातला फोन तिच्या लेखी चैनीची वस्तू होती. त्यात साम्यवादी देशांना प्रगत तंत्रज्ञान विकण्यावर बंधने घालणाऱ्या कोकॉम या पाश्चात्त्य देशांच्या गटाच्या निर्बंधांमुळे पाश्चात्त्य देशांची आधुनिक डिजिटल एक्स्चेंजही सहजासहजी मिळत नव्हती.

अमेरिकनांनाही बाहेर पडायचेच होते. १९८४ मध्ये एटी अँड टीची मक्तेदारी मोडून सात प्रादेशिक कंपन्या झाल्या. त्यांच्या हाती पैसा खेळत होता, पण लांब पल्ल्याच्या कॉलचा धंदा त्यांना मायदेशात करता येत नव्हता. यूएस वेस्ट आणि अमेरिटेक या त्या सातांपैकीच. (यूएस वेस्ट पुढे आपल्याकडेही आली. महाराष्ट्र-गोव्यात बीपीएलची मोबाइल सेवा सुरुवातीला बीपीएल यूएस वेस्ट या नावाने चालत असे.)

सुरुवात मोबाइलने झाली. यूएस वेस्टने १९८९च्या अखेरीस हंगेरीच्या टपाल खात्याशी भागीदारी करून वेस्टेल कंपनी काढली. ५१ टक्के वाटा हंगेरीचा, ४९ टक्के अमेरिकनांचा. ऑक्टोबर १९९०मध्ये बुडापेस्टमध्ये सेवा सुरू झाली. रस्ते खोदून तांब्याच्या तारा टाकायला वर्षे लागली असती. मनोरे त्या मानाने झटपट उभे राहिले. त्यामुळे श्रीमंत देशांत लँडलाइनच्या जोडीला आलेला मोबाइल इथे अनेक धंदेवाल्यांचा पहिलाच भरवशाचा फोन ठरला. गाडीत बसवायचा किंवा बॅटरीसकट मुठीला धरून वागवायचा तो जड डबा, त्याचा नंबर ०६-६० ने सुरू होणारा. ज्याला परवडे तोच तो मिरवी. लोकांनी मोबाइलला नाव दिले 'बुंकोफोन', म्हणजे गावंढळाचा फोन. मार्च १९९४मध्ये जीएसएम ही डिजिटल मोबाइल सेवा आली आणि वेस्टेलला पॅनन हा तगडा प्रतिस्पर्धी मिळाला.

लँडलाइनचा मोठा व्यवहार डिसेंबर १९९३चा. माताव या सरकारी फोन कंपनीचा सुमारे ३० टक्के हिस्सा मॅग्यारकॉमने ८७.५ कोटी डॉलरना घेतला. मॅग्यारकॉम म्हणजे अमेरिटेक आणि जर्मनीची डॉइचे टेलिकॉम यांची निम्मी-निम्मी भागीदारी. बदल्यात मातावला ठरावीक वर्षे मक्तेदारी मिळाली आणि लाइन दरवर्षी ठरलेल्या प्रमाणात वाढवण्याची अटही घालण्यात आली. या पैशातली मोठी रक्कम थेट कंपनीच्या भांडवलात आली, म्हणून तिचा उपयोग सामान्य माणसाला झाला. डिसेंबर १९९५मध्ये आणखी ३७ टक्के हिस्सा ८५.२ कोटी डॉलरना विकला गेला; तो पैसा मात्र कर्जाने वाकलेल्या सरकारच्या तिजोरीत गेला. किंमत जवळपास सारखी असली तरी नव्या लाइन टाकण्याच्या दृष्टीने पहिला करार कितीतरी मोलाचा होता. हा फरक खासगीकरणाच्या चर्चेत हटकून सुटतो. नव्वदचे दशक संपता संपता प्रतीक्षायादी जवळजवळ संपली होती. मक्तेदारी मात्र २००१ अखेरपर्यंत टिकली आणि तोवर बहुतेक गिऱ्हाइकांना दुसरी कंपनी निवडायची सोय नव्हती.

काही जिल्ह्यांचे परवाने मातावला न देता निविदा काढून दिले गेले. त्यांतले काही हंगेरियन टेलिफोन अँड केबल या अमेरिकेत नोंदलेल्या कंपनीकडे गेले.

बाहेर पडणे अमेरिकेतल्या उलाढालींमुळे घडले. १९९९मध्ये एसबीसी या दुसऱ्या अमेरिकन फोन कंपनीने अमेरिटेक विकत घेतली आणि पुढच्याच वर्षी मॅग्यारकॉममधला तिचा निम्मा वाटा २२० कोटी डॉलरना डॉइचे टेलिकॉमला विकला. वेस्टेलमधला अमेरिकन हिस्साही त्याच सुमारास जर्मनांकडे गेला. ०६-६० ची जुनी सेवा २००३मध्ये बंद झाली आणि २००४मध्ये वेस्टेलच्या दुकानांवर डॉइचे टेलिकॉमच्या टी-मोबाइलची पाटी लागली.