स्लॅबखाली थर्माकोल लावायच्या आधी

आमचा फ्लॅट इंदिरानगरला, सगळ्यात वरचा मजला. नाशिकची हवा चांगली म्हणतात ते खरंय, एप्रिलातही रात्री गच्चीत गार वारं लागतं, पण खाली घरात पंखा लावला की अंगावर गरम हवाच येते. दोष स्लॅबचा. काँक्रीट दिवसभर ऊन पितं आणि ती उष्णता खालपर्यंत उतरायला काही तास लागतात, म्हणजे दुपारचं ऊन आपल्या वाट्याला येतं ते बरोबर झोपायच्या वेळी.

कॉन्ट्रॅक्टर म्हणाला, साहेब, खालून थर्माकोल चिकटवू, त्याखाली पीओपी, विषय संपला.

आता थर्माकोल काम करतो यात वाद नाही. त्यात जवळजवळ सगळी हवाच असते, आणि कोंडलेली हवा उष्णतेला सहज पुढे जाऊ देत नाही. तेवढ्याच जाडीच्या काँक्रीटमधून सुमारे ४० पट उष्णता जाते. खरंतर कुठलंही इन्सुलेशन घ्या, काचलोकर (ग्लासवूल) घ्या नाहीतर आजीची गोधडी, काम करते ती हवाच. प्रश्न एवढाच की ती कशात कोंडलीय, आणि ते पेटलं, भिजलं किंवा फुटलं तर काय होतं.

माळ्यावर गणपतीचं जुनं मखर पडून होतं, २०१८ ला सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आली त्याच्या आधीचं. त्याचा बोटभर तुकडा गच्चीत पत्र्याच्या ताटलीत ठेवून काडी लावली. आधी तो आक्रसला, मग वितळून थेंब पडायला लागले आणि ते थेंबही जळत होते, वर काळाकुट्ट धूर, त्यात काजळीचे धागे तरंगत होते ते शेजाऱ्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर जाऊन बसले आणि मग मला जे ऐकावं लागलं ते सोडा. (तुम्ही करू नका, तो धूर विषारी असतो.) हे पलंगाच्या बरोब्बर वर, तेही लाईटच्या वायरींना चिकटून? थर्माकोलऐवजी वापरतात तो पीयू (पॉलियुरेथेन) फोम जळताना तर कार्बन मोनॉक्साईडसोबत हायड्रोजन सायनाईडही सुटतो. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला २०१७ मध्ये आग लागली, ७२ माणसं गेली, तिथे बाहेरच्या पॅनलमधलं प्लॅस्टिक आणि त्यामागचा फोम दोन्ही पेटले होते. फायर रिटार्डंट ग्रेड मिळतो, पण तो उशिरा पेटतो इतकंच.

गंमत म्हणजे अशाच फोमचे बोर्ड स्लॅबच्या वर टाकून त्यावर कोबा केला तर आगीची भीती बरीच कमी होते, शिवाय स्लॅब तापतच नाही म्हणून त्याला तडेही कमी जातात. खर्च मात्र वाढतो.

काचलोकर जळत नाही, बऱ्याचदा जुन्या काचेपासूनच बनते, म्हणून मला ती बरी वाटते. बसवताना अंगाला खाज सुटते, मिस्त्रीला मास्क आणि हातमोजे द्याच. पण स्लॅब गळत असेल तर विसरा, कारण पाणी हवेपेक्षा २० पटीहून जास्त उष्णता वाहून नेतं आणि भिजलेली लोकर म्हणजे नुसतं ओझं. आधी वॉटरप्रूफिंग, मग बाकी सगळं.

जुन्या शेडवरचे सिमेंटचे पत्रे बऱ्याचदा ॲस्बेस्टॉसचे असतात. आहेत तसे असले तर असू द्या, पण त्यांना ड्रिल मारणं, कापणं, फोडणं नको. त्याचे बारीक तंतू फुप्फुसात जाऊन बसतात आणि कॅन्सर कित्येक वर्षांनी उगवतो.

इगतपुरी-घोटीकडे भाताचं तूस ढिगाने निघतं, त्यात सिलिका भरपूर, त्यामुळे ते भडकत नाही, धुमसत राहतं. कोरडं ठेवता आलं तर शेतावरच्या खोलीला चालेल, फ्लॅटमध्ये उंदीर आणि वाळवी कोण सांभाळणार!

मी शेवटी आधी चुनाच मारला. ऊन आत शिरल्यावर त्याला अडवत बसण्यापेक्षा ते वरच परत पाठवलेलं स्वस्त, आणि ताजा पांढरा चुना बहुतेक ऊन परत फेकतो. पावसाळ्यात धुऊन जातो, दरवर्षी मारावा लागतो, तरी रात्रीचा पंखा आता बरा वाटतो. काचलोकरीचं दिवाळीनंतर बघू, गळती थांबली का ते कळल्यावर. तक्रार फक्त शेजारच्या काकूंची, कुरडया घालायला वर गेल्या आणि तशाच खाली आल्या, म्हणाल्या, "अरे, काय करून ठेवलंस, डोळे उघडता येईनात!"