हेडलाइटमधली पत्र्याची वाटी

दिवाळीनंतर मामांनी आपल्या जुन्या जीपला एलईडी बल्ब बसवले. त्या रात्री गेवराईहून बीडला येताना समोरची जवळजवळ प्रत्येक गाडी आम्हाला डिपर मारत होती. "आरं, मी डिपरवरच हाय की!" मामा वैतागले. ते खरोखरच डिपरवर, म्हणजे खाली झुकलेल्या झोतावर होते. आणि रस्ता पांढराशुभ्र उजळलेला असूनही उसानं भरलेली एक बैलगाडी आम्हाला अगदी जवळ गेल्यावर दिसली. ती रात्र अजून माझ्या डोक्यातून गेलेली नाही.

जास्त उजेड म्हणजे जास्त दिसणं, हा समज इथे घात करतो. हेडलाइट म्हणजे नुसता बल्ब नव्हे. बल्ब, आरसा आणि पुढची काच मिळून ते एक उपकरण होतं.

जुन्या गाड्यांच्या 7 इंची दिव्यात अन्वस्ताकार आरसा असतो. शाळेत अंतर्गोल आरशाची नाभी शिकलो ती आठवा. नाभीतून निघालेले किरण आरशावरून समांतर होऊन लांब जातात, तो अप्पर. डिपरसाठी काय केलंय ते पाहायला साधा एच-4 हॅलोजन बल्ब हातात घ्या. आत दोन तारा दिसतील. मागची नाभीपाशी असते. दुसरी थोडी पुढे, आणि तिच्याखाली नखाएवढी पत्र्याची वाटी. नाभीच्या पुढून निघालेले किरण आरशाच्या वरच्या अर्ध्या भागावरून परतताना खाली झुकतात, खालच्या अर्ध्यावरून परतताना वर उडतात. वाटी हे खालचे किरण आरशापर्यंत पोचूच देत नाही. समोरच्या ड्रायव्हरचे डोळे एवढ्याशा पत्र्यानं वाचतात! यात ना सर्किट ना सेन्सर, फक्त भूमिती. मला ही वाटी फार आवडते.

एलईडीत उजेड तारेतून नाही, पट्टीच्या दोन बाजूंना बसवलेल्या सपाट चिपांतून येतो. चिपेची उष्णता वाहून न्यायला मधली पट्टी जाड लागते, म्हणून चिप मूळ तारेच्या जागेवरून सरकते. किती सरकली तर बिघडतं? आरशाचं नाभीय अंतर 25 मिमी धरू. चिप 1 मिमी खाली गेली, तर आरशाच्या मध्याजवळून परतणारा किरण 25 मीटरवर सुमारे 1 मीटर वर चढतो. कडेच्या भागात नाभीपासूनचं अंतर वाढत जातं, तिथे हा फरक कमी असतो. डिपरचा उजेड 10 मीटरला साधारण 10 सेंमी, म्हणजे 25 मीटरला 25 सेंमी खाली झुकवतात. मिलिमीटरभराच्या चुकीनं हा झुकाव पुसून उलट समोरच्याच्या तोंडावर झोत जातो. मामांच्या बल्बात चिपा डाव्या-उजव्या बाजूला नव्हत्या, वर-खाली फिरल्या होत्या, आणि खाली वाटीच नव्हती.

आम्हाला बैलगाडी का दिसली नाही? चाकापुढचा रस्ता फार उजळला की बुबुळातली बाहुली आकसते आणि लांबचा अंधार आणखी गडद होतो. ऊसतोडीच्या दिवसांत बिनरिफ्लेक्टरची गाडी नेमकी त्याच अंधारात असते.

त्यात खोक्यांवरचे आकडे बघून चीड येते. 25 वॉटच्या बल्बावर 20000 लुमेन, म्हणजे उजेडाचं माप! 1 वॉटमधून जास्तीत जास्त 683 लुमेन निघू शकतात, तेही निव्वळ हिरवट रंगात आणि काहीही वाया न जाता. म्हणजे हा आकडा निसर्गालाही जमणारा नाही. बंपरला बांधलेल्या लिंबू-मिरचीवर लोक असाच विश्वास टाकतात. मामांच्या बंपरलाही ती होती.

खरं तर मामांचा जुना बल्ब मंद होता तो वायरिंगमुळे. 55 वॉटचा बल्ब 12 व्होल्टवर साडेचार अँपिअरच्या आसपास करंट ओढतो. झिजलेल्या वायरी आणि गंजलेल्या स्विचमध्ये दीड व्होल्ट गेला, तर हॅलोजनचा उजेड साधारण एक तृतीयांशानं घटतो, कारण तो व्होल्टेजच्या तिसऱ्या घातापेक्षाही वेगानं पडतो.

मिस्त्रीनं बॅटरीपासून जाड वायर ओढली, रिले (स्विचच्या इशाऱ्यावर बॅटरीचा करंट थेट बल्बाला जोडणारा भाग) बसवला, काळवंडलेले आरसे बदलले आणि साधे हॅलोजन परत लावले. अंधार पडल्यावर जीप वाड्याच्या भिंतीपासून 10 मीटरवर उभी केली. दिव्यांच्या उंचीवर मी खडूनं रेघ मारली, मामांनी डिपर लावला. रेघेच्या चार बोटं खाली उजेडाची कड सुरीनं कापल्यासारखी उमटली, आणि वरची भिंत काळी राहिली.