'फॅदम' : मिठीतून निघालेलं क्रियापद

इंग्रजीत कुणी 'आय कान्ट फॅदम इट' म्हणालं, की 'मला हे समजत नाही' एवढा अर्थ घेऊन आपण पुढे जातो. पण या क्रियापदाच्या मुळाशी शिशाचं वजन बांधलेला एक दोर आहे, आणि त्याच्याही आधी दोन पसरलेले हात.

जुन्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थ पसरलेले हात, कव. क्रियापदाचा अर्थ कवेत घेणं. स्वीडिशमध्ये त्याचा भाऊबंद 'फाम्न' आजही कुशीसाठी वापरतात. ओला दोर ओढून घेणारा खलाशी तो दोन्ही हातांत ताणतो. या बोटांपासून त्या बोटांपर्यंत जेवढा भरला तेवढा एक फॅदम. पुढे हे माप सहा फूट, म्हणजे सुमारे १.८३ मीटर, असं पक्कं झालं.

आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. आपली 'वाव' म्हणजे हेच माप, संस्कृतातल्या 'व्याम'वरून आलेलं. दोराची लांबी आणि पाण्याची खोली आपल्याकडेही वावांत मोजत. हातभर, वीतभर, वावभर. माणसाचा देह हीच पहिली मोजपट्टी.

१६०० च्या सुमारास या क्रियापदाला 'पाण्याची खोली मोजणं' हा अर्थ मिळाला. त्या कामाचा दोर मला फार सुंदर वाटतो. टोकाला सात ते चौदा पौंडांचं शिसं. दोन फॅदमवर चामड्याच्या दोन पट्ट्या, तीनवर तीन, पाचवर पांढरं कापड, सातवर लाल, दहावर भोक पाडलेलं चामडं, तेरावर निळं कापड. प्रत्येक खुणेचा पोत वेगळा, कारण काळोख्या रात्री खलाशाला ती डोळ्यांनी नव्हे, बोटांनी ओळखायची असे. शिशाच्या बुडाला खळगा असायचा. त्यात चरबी भरत, म्हणजे वर येताना तळाची वाळू, चिखल, शिंपल्यांचे तुकडे चिकटून येत. खाली किती पाणी आहे आणि जमीन कसली आहे, दोन्ही एका फेकीत कळे. मिसिसिपी नदीवरच्या आगबोटींत दोन फॅदमची आरोळी 'मार्क ट्वेन' अशी असे. अमेरिकन लेखक सॅम्युएल क्लेमेन्सने १८६३ मध्ये तेच टोपणनाव घेतलं.

खोल समुद्रासाठी फार लांब दोर लागे. 'चॅलेंजर' या ब्रिटिश जहाजाने मार्च १८७५ मध्ये पश्चिम पॅसिफिकमध्ये दोर सोडला तेव्हा ४,४७५ फॅदमवर तळ लागला, म्हणजे आठ किलोमीटरहून खाली. १९२० च्या दशकापासून ध्वनीच्या प्रतिध्वनीवरून खोली काढणारी यंत्रं जहाजांवर आली आणि हातातला दोर मागे पडला.

क्रियापदाने मात्र त्याआधीच दुसरं घर केलं होतं. १६२० च्या दशकातच ते 'एखाद्या गोष्टीच्या तळापर्यंत जाऊन समजून घेणं' या अर्थाने वापरात आलं. मराठीतही नेमकं हेच झालं आहे. आपण पाण्याचा थांग लावतो आणि माणसाच्या मनाचाही. ठाव डोहाचा घेतो, तसा अंतःकरणाचाही.

आज हे क्रियापद बहुतेकदा नकारातच ऐकू येतं. दोर संपूनही शिसं टेकलं नाही, की खलाशी जहाजावर ओरडून सांगे : 'नो बॉटम', तळ नाही.